पोलादाची साक्ष : अणुभट्टीचे दाबपात्र ठिसूळ का होते?

आमचा अध्यापनाचा विषय इतिहास. अशा शिक्षकाने विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी अणुभट्टीच्या पोलादावर अभ्यासलेख का लिहावा, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर प्रारंभीच देतो. इतिहासाचा अभ्यास पुराव्यावर उभा असतो. जे घडून गेले ते आज दिसत नाही. कागद, नाणे, शिलालेख, हाडे, खापरे यांच्या साक्षीवरून ते सिद्ध करावे लागते. अणुभट्टीच्या पोलादात वर्षानुवर्षे जे घडते तेही डोळ्यांना दिसत नाही. ते जाणण्यासाठी अभियंत्यांनी पहिल्या दिवसापासून पुरावा जपून ठेवण्याची जी पद्धत घालून दिली, ती आम्हांस इतिहासाच्या पद्धतीची सख्खी बहीण वाटते. म्हणून हा विषय निवडला आहे. विज्ञान शाखेकडे न गेलेल्या पालकांना व माजी विद्यार्थ्यांनाही तो समजावा, असा प्रयत्न केला आहे.

दाबपात्र म्हणजे काय?

युरेनियमचे अणुकेंद्रक फुटले की उष्णता निर्माण होते. त्या उष्णतेने पाणी तापवायचे, वाफ करायची आणि त्या वाफेवर जनित्र फिरवायचे, हे अणुवीज केंद्राचे मूळ सूत्र होय. जगातील बहुसंख्य अणुभट्ट्यांत इंधनाचा गाभा एका प्रचंड पोलादी भांड्यात ठेवलेला असतो. त्यालाच दाबपात्र म्हणतात. दाबाखालील पाण्याच्या मोठ्या भट्टीत हे पात्र सुमारे १२ मीटर उंच, ४ मीटरहून अधिक व्यासाचे आणि ३०० टनांहून अधिक वजनाचे असते. त्याची भिंत सुमारे २० सेंटिमीटर जाड असते. आतील पाणी ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेले असूनही उकळत नाही, कारण त्यावर वातावरणाच्या सुमारे १५० पट दाब असतो. आपल्या स्वयंपाकघरातील प्रेशर कुकरमध्ये हा दाब वातावरणाच्या जेमतेम दुप्पट असतो. यावरून कल्पना यावी.

वीज केंद्रातील पंप, नळ्या, झडपा बिघडल्या तर त्या बदलता येतात, आणि एक यंत्रणा बंद पडली तर तिच्या जागी दुसरी सज्ज ठेवलेली असते. दाबपात्राला अशी जोडी नाही. ते एकच असते, व्यवहारतः बदलता येत नाही, आणि ते फुटले तर गाभ्याभोवती पाणी टिकवून धरणारे दुसरे काही उरत नाही. म्हणून ते फुटण्याची शक्यता जवळजवळ शून्यावर ठेवणे, एवढा एकच मार्ग अभियंत्यांपुढे असतो. पात्राचे आयुष्य तेच भट्टीचे आयुष्य, असे म्हटले तरी चालेल.

टणक आणि चिवट

पोलादाच्या गुणांविषयी बोलताना 'मजबूत' हा एकच शब्द वापरून आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो. गावच्या लोहाराला हा भेद पूर्वापार ठाऊक आहे. विळ्याचे किंवा कुऱ्हाडीचे पाते तापवून तो त्याला पाणी देतो, तेव्हा पाते टणक होते आणि धार टिकते. पण हे प्रमाणाबाहेर गेले तर पाते दगडावर आदळताच त्याचा टवका उडतो. टणकपणा वाढला, चिवटपणा गेला. ज्याला पोथीत स्थान मिळाले नाही आणि ज्याच्या जाणत्याला बलुतेदाराच्या पायरीवर ठेवले गेले, असे हे अस्सल धातुशास्त्र आहे.

चिवट पोलादावर ताण आला की ते आधी थोडे वाकते, ताणले जाते, आणि त्या वाकण्यात बरीच ऊर्जा जिरवते. त्यात एखादी चीर असली तरी चिरेच्या टोकाशी धातू थोडा सरकतो, टोक बोथट होते आणि चीर पुढे धावत नाही. ठिसूळ पोलादात हे सरकणे होत नाही. चीर काचेसारखी क्षणार्धात आरपार जाते.

एकच पोलाद उबेत चिवट आणि थंडीत ठिसूळ असू शकते, हे जगाला फार महागात पडून कळले. १६ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड येथे 'स्केनेक्टडी' नावाचे नवे कोरे तेलवाहू जहाज शांत पाण्यात, धक्क्याला बांधलेले असताना मधोमध दुभंगले. ना वादळ होते, ना शत्रूचा हल्ला. दुसऱ्या महायुद्धात घाईने बांधलेल्या वितळजोडाच्या अनेक जहाजांना अशा चिरा गेल्या. केंब्रिजच्या धातुशास्त्रज्ञ कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवून दिले की, दोष केवळ जोडकामाचा नव्हता. ते पोलादच एका ठराविक तापमानाखाली ठिसूळ होत होते. या सीमेला आपण संक्रमण तापमान म्हणू.

हे तापमान मोजण्याची रीत फ्रेंच अभियंता जॉर्ज चार्पी यांच्या नावाने ओळखली जाते. ५५ मिलिमीटर लांब व १० मिलिमीटर जाडी-रुंदीची पोलादी कांडी घ्यायची, तिच्या मध्यावर २ मिलिमीटर खोल खाच पाडायची, आणि झोका घेत येणाऱ्या वजनदार हातोड्याने ती एका फटक्यात तोडायची. कांडी तोडून हातोडा पलीकडे किती उंच गेला, यावरून तोडण्यास किती ऊर्जा लागली ते कळते. वेगवेगळ्या तापमानांच्या कांड्या तोडल्या की चिवटपणाचा आलेख तयार होतो. दाबपात्राच्या नव्या पोलादाचे संक्रमण तापमान बहुधा शून्य अंशाच्या आसपास किंवा त्याहून खाली असते. काम करताना पात्र ३०० अंशांजवळ असते, म्हणजे ते धोक्याच्या सीमेपासून फार दूर असते. ही सीमा जागच्या जागी राहिली असती, तर प्रस्तुत लेखाची गरजच नव्हती.

न्यूट्रॉनचा मारा

युरेनियमचे केंद्रक फुटताना वेगवान न्यूट्रॉन बाहेर पडतात. त्यांतील बहुतेक गाभ्यात आणि पाण्यात मंदावतात. काही थोडे पाणी ओलांडून पात्राच्या भिंतीवर आदळतात. थोडे म्हटले तरी भट्टीच्या आयुष्यात गाभ्यासमोरच्या भिंतीच्या एका चौरस सेंटिमीटरमधून जाणाऱ्या वेगवान न्यूट्रॉनांची संख्या एकावर १९ शून्ये इतकी होऊ शकते. न्यूट्रॉनच्या आघाताने धातूतील अणू जागचे हलतील, हे भौतिकशास्त्रज्ञ यूजीन विग्नर यांनी पहिल्या अणुभट्ट्या उभ्या राहत असतानाच ओळखले होते.

पोलादातील लोखंडाचे अणू शिस्तीत मांडलेल्या रांगांत असतात. न्यूट्रॉनने एका अणूला धक्का दिला की तो जागेवरून उडतो, शेजाऱ्यांना धक्के देतो, ते पुढच्यांना देतात, आणि एका निमिषाच्या अब्जांशाहूनही अल्प काळात शेकडो अणूंची चेंगराचेंगर होऊन जाते. बहुतेक अणू लगेच कुठल्यातरी रिकाम्या जागेत परत बसतात. काहींना जागा मिळत नाही. मागे रिकाम्या जागा उरतात आणि रांगांच्या मध्ये अडकलेले उपरे अणू उरतात. त्यांचे लहान लहान पुंजके तयार होतात.

याचा चिवटपणाशी संबंध कसा पोहोचतो? धातू वाकतो तेव्हा अणूंच्या रांगा एकमेकींवरून सरकतात. हे सरकणे रांगांतील विशिष्ट दोषरेषांच्या वाटचालीतून घडते. सतरंजी ओढून सरकवण्याऐवजी तिच्यात एक घडी पाडून ती घडी पुढे ढकलत न्यावी, तसे. ही घडी जोवर मोकळेपणी चालते, तोवर धातू वाकू शकतो. पुंजके म्हणजे सतरंजीखाली ठोकलेले खिळे. घडी प्रत्येक ठिकाणी अडते. पोलाद टणक होते, वाकेनासे होते, आणि चिरेच्या टोकाशी साचलेला ताण मोकळा करण्याचा त्याचा मार्ग बंद होतो. बांधकामावरची तार एकाच जागी मागेपुढे वाकवून विद्यार्थ्यांनी पाहावी. तेथे कारण वेगळे, कारण तारेतील दोषरेषा एकमेकींत गुंतून अडतात. पण प्रथम ताठरपणा आणि मग तुटणे, हा क्रम हाताला जाणवतो.

परिणाम असा की संक्रमण तापमान हळूहळू वर चढते. शून्यावर असलेली सीमा काही दशकांत ५०, ८०, काही पात्रांत १०० अंशांच्याही वर जाते. पात्र बाहेरून जसेच्या तसे दिसते. रंग बदलत नाही, आकार बदलत नाही, आवाज होत नाही.

तांब्याचा अंश

एकाच मात्रेचा मारा सोसूनही काही पात्रे फार ठिसूळ होतात, काही थोडी. याचे मोठे कारण १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील संशोधनातून स्पष्ट झाले. ते म्हणजे पोलादात राहून गेलेले तांबे. त्या काळी वितळजोडाच्या तारेला गंज लागू नये म्हणून तिच्यावर तांब्याचा मुलामा देत असत. तो मुलामा जोडाबरोबर वितळून पोलादात मिसळत असे. जुन्या काही जोडांत तांब्याचे प्रमाण ०.३ टक्क्यांपर्यंत होते. एरवी हा अंश निरुपद्रवी. २९० अंशांवर तांब्याला लोखंडात सामावून राहणे मानवत नाही, परंतु एकत्र येण्यासाठी त्याचे अणू हलूही शकत नाहीत. न्यूट्रॉनच्या माऱ्याने असंख्य रिकाम्या जागा निर्माण होतात आणि तांब्याला चालायला वाट मिळते. मग त्याचे काही नॅनोमीटर आकाराचे कण जमतात. निकेल व मँगेनीज त्यांना येऊन मिळतात. फॉस्फरस स्फटिककणांच्या सीमांवर साचून त्या सीमाच कच्च्या करतो.

म्हणजे ठिसूळपणाला कोणतेही एक कारण पुरेसे नाही. न्यूट्रॉन, तांबे, निकेल, फॉस्फरस, पाण्याचे तापमान आणि काळ या सर्वांच्या एकत्र येण्याने तो उत्पन्न होतो. एक प्रत्यय बदलला की फळ बदलते. धम्माच्या अभ्यासकांना येथे प्रतीत्यसमुत्पादाची आठवण होईल, आणि ती योग्यच आहे. मात्र तथागतांनी अणुभट्टीचे शास्त्र आधीच सांगून ठेवले होते, असे कोणी म्हणू लागल्यास आम्ही त्यास ठाम विरोध करू. त्यांनी कारणांचा शोध घेण्याची दृष्टी दिली. कारणे ज्याची त्याने श्रम करून शोधायची आहेत. कारण कळले म्हणूनच उपाय सापडला. पुढील काळातील पात्रांच्या पोलादात व जोडांत तांब्याचे प्रमाण ०.१ टक्क्याच्या खाली आणले गेले.

थंड पाण्याचा धक्का

पात्र ३०० अंशांवर काम करत असेल, तर १०० अंशांवरच्या सीमेची भीती कशासाठी? भीती आणीबाणीच्या क्षणाची आहे. २० मार्च १९७८ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातील रँचो सेको केंद्रात नियंत्रण फलकावरचा लहानसा दिवा बदलताना तो हातातून निसटून आत पडला. मंडल जुळले, अनेक मापकांची वीज गेली, आणि नियंत्रण यंत्रणेला चुकीचे संकेत मिळू लागले. परिणामी भट्टीतील पाणी सुमारे एका तासात १५० अंश सेल्सिअसहून अधिक थंड झाले, आणि दाब मात्र चढाच राहिला. भिंतीची आतली बाजू थंड होऊन आकसू पाहते, बाहेरची गरम बाजू तिला आकसू देत नाही, शिवाय आतून दाब आहे. जुन्या, ठिसूळ पात्रात नेमक्या त्या जागी एखादी चीर असती तर काय झाले असते? ते पात्र नवे होते, म्हणून प्रश्न तेथेच थांबला. पण प्रश्न विसरला गेला नाही. १९८५ मध्ये अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने नियम केला की, संक्रमण तापमानाशी निगडित मापदंड पत्र्यांच्या व उभ्या जोडांच्या बाबतीत १३२ अंश सेल्सिअस आणि आडव्या जोडांच्या बाबतीत १४९ अंश सेल्सिअस ओलांडणार असेल, तर चालकांनी विशेष सिद्धता द्यावी.

आत ठेवलेले साक्षीदार

आता लेखाच्या गाभ्याकडे येतो. चालू भट्टीच्या भिंतीतून कांडी कापून काढता येत नाही. मग भिंतीची अवस्था कळावी कशी? यासाठी पात्र घडवतानाच त्याच पत्र्याचे आणि त्याच वितळजोडाचे तुकडे राखून ठेवतात. त्यांच्या खाच पाडलेल्या कांड्या बनवून, बंद डब्यांत भरून, त्या पात्राच्या आत भिंतीजवळ टांगतात. सोबत न्यूट्रॉनांची मोजदाद करणाऱ्या तारा आणि तापमानाची नोंद देणारे, ठराविक अंशाला वितळणारे धातूचे तुकडे असतात. डबे भिंतीपेक्षा गाभ्याला किंचित जवळ असल्याने त्यांच्यावर मारा अधिक वेगाने होतो. भिंतीचे पुढील काही वर्षांनंतरचे रूप ते आजच दाखवतात. ठरावीक वर्षांनी एक डबा काढायचा, त्यातील कांड्या तोडायच्या, आणि सीमा किती वर चढली ते मोजायचे.

या साक्षीदारांची साक्ष नेहमी सोयीची असतेच असे नाही. जपानमधील गेनकाई केंद्राची पहिली भट्टी १९७५ मध्ये सुरू झाली. तेथे १९९३ मध्ये काढलेल्या नमुन्यांवरून संक्रमण तापमान ५६ अंश सेल्सिअस आले, तर २००९ च्या नमुन्यांवरून ९८ अंश. या उडीचा अर्थ काय, यावर जपानी तज्ज्ञांत वाद झाला. तो वाद लोकांपुढे आला, कारण आकडा उपलब्ध होता. २०१५ मध्ये ती भट्टी कायमची बंद करण्यात आली.

पुरावा अपुरा पडला तेव्हा

याच्या उलट कथा अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील यांकी रो केंद्राची आहे. १९६० मध्ये सुरू झालेले हे देशातील अगदी आरंभीच्या केंद्रांपैकी एक होते. त्याची कीर्ती चांगली होती. परवान्याची मुदत वाढवून मागण्यासाठी जी दोन केंद्रे आदर्श उदाहरण म्हणून पुढे आणण्यात आली, त्यांत त्याचा समावेश होता. मुदतवाढीची छाननी सुरू झाली आणि दाबपात्राविषयी साधे प्रश्न विचारले गेले. जोडांत तांबे किती आहे? नोंद नव्हती. नमुन्यांची साक्ष काय सांगते? नमुन्यांची तपासणी आरंभीच्या काही वर्षांनंतर चालू ठेवलेली नव्हती. शिवाय त्या भट्टीतील पाणी इतर भट्ट्यांपेक्षा थंड, सुमारे २६० अंशांचे होते. कमी तापमानात अणूंना परत जागेवर बसण्याची संधी कमी मिळते, म्हणून हानी अधिक होते.

जून १९९१ मध्ये नागरिकांच्या बाजूने काम करणाऱ्या वैज्ञानिकांच्या एका संघटनेने भट्टी बंद करण्याची मागणी नियामक आयोगाकडे केली. ऑक्टोबर १९९१ मध्ये ती थांबवण्यात आली आणि फेब्रुवारी १९९२ मध्ये कायमची बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. पात्र फुटले नव्हते. त्यात घातक चीर सापडली नव्हती. ते सुरक्षित आहे हे पुराव्यानिशी दाखवण्याचा खर्च आणि अनिश्चितता चालकांना झेपणारी नव्हती. ३० वर्षांपूर्वी जोडाच्या रसायनाची एक नोंद ठेवली असती आणि नमुन्यांचे काही डबे आत राहू दिले असते, तर निर्णय कोणत्याही बाजूने झाला तरी तो माहितीच्या आधारे झाला असता.

उपाय आहेत काय?

उपाय आहेत. जुने, बरेचसे जळालेले इंधन गाभ्याच्या कडेला ठेवले की भिंतीकडे कमी न्यूट्रॉन जातात. फिनलंडमधील लोविसा केंद्रात १९८० मध्ये कडेच्या ३६ इंधन-जुड्या काढून त्या जागी पोलादाच्या भरीव जुड्या बसवण्यात आल्या. दुसरा उपाय पुन्हा लोहाराच्या भात्याशी नेणारा आहे. टणक झालेले लोखंड तापवून सावकाश निवू दिले की ते नरम होते. सोव्हिएत संघात १९८७ मध्ये नोव्होव्होरोनेझ केंद्राच्या तिसऱ्या भट्टीचे दाबपात्र, इंधन व पाणी काढून, आतून विद्युत तापकांनी तापवण्यात आले. अशा प्रक्रियेत सुमारे ४३० ते ४७५ अंश सेल्सिअस तापमान १०० ते १५० तास राखले जाते. बहुतांश चिवटपणा परत येतो. लोविसाच्या पहिल्या भट्टीवर १९९६ मध्ये हीच प्रक्रिया झाली. पण मारा चालू राहिला की ठिसूळपणाही पुन्हा सुरू होतो, म्हणून तापवल्यानंतरही नमुने ठेवावेच लागतात.

आपल्या दृष्टीने

आपल्या महाराष्ट्रातही दाबपात्राच्या दोन भट्ट्या आहेत. पालघर जिल्ह्यातील तारापूरची पहिली व दुसरी भट्टी १९६९ पासूनची. त्या उकळत्या पाण्याच्या प्रकारच्या असल्याने तेथे दाब वातावरणाच्या सुमारे ७० पट, म्हणजे तुलनेने कमी असतो. गाभा व भिंत यांमध्ये पाण्याचा थर जाड असल्याने भिंतीवरचा माराही सौम्य असतो. तेथेही नमुने ठेवण्याची पद्धत अवलंबिली गेली. भारतातील बहुतेक इतर भट्ट्या जड पाण्याच्या आहेत. त्यांत एका मोठ्या दाबपात्राऐवजी झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या शेकडो दाबनळ्या असतात आणि त्या बदलता येतात. तमिळनाडूतील कुडनकुलमच्या भट्ट्यांत मात्र दाबपात्र आहे. त्यामुळे हा विषय आपल्याला परका नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना वीज व पाटबंधारे यांची धोरणेही त्यांच्या खात्याकडे होती. उद्योगीकरणाविना या देशातील दारिद्र्याचा फेरा तुटणार नाही आणि स्वस्त, मुबलक विजेविना उद्योगीकरण होणार नाही, अशी त्यांची मांडणी होती. त्याच खात्यात बसून त्यांनी खाणीतील आणि कारखान्यातील कामगाराच्या जिवाचाही विचार केला. वीज हवी आणि ती निर्माण करणाऱ्याचा, तिच्या शेजारी राहणाऱ्याचा जीव सुरक्षितही हवा, या दोन मागण्या त्यांच्या लेखी एकमेकींच्या विरोधात नव्हत्या. अणुवीज असावी की नसावी, याविषयी आपल्या समाजात मतभेद असतील व असावेत. परंतु ज्या कोणत्या बाजूने आपण बोलू, ती बाजू मोजलेल्या पुराव्यावर उभी असावी, आणि मोजलेले आकडे मागण्याचा अधिकार भट्टीच्या परिसरातील साध्या माणसालाही असावा.

कालाम सुत्तात तथागतांनी कालामांना केवळ परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून काही स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या, असा उपदेश केल्याचे आपले विद्यार्थी प्रार्थनासभेत ऐकतात. 'पात्र मजबूत आहे' हे निर्मात्याचे म्हणणे, 'तीस वर्षे काही झाले नाही' हा अनुभवाचा दाखला, 'तज्ज्ञांनी सांगितले' हा अधिकार, हे तिन्ही दाखले यांकी रोला होते. पारखण्याचे साधन मात्र तेथे उरलेले नव्हते. आपल्या विद्यालयातून बाहेर पडलेल्या मुलामुलींपैकी कोणी वेल्डर आहेत, कोणी प्रयोगशाळेत काम करतात, कोणी कार्यालयात नोंदी ठेवतात. जोडाच्या तारेचा घाण क्रमांक लिहून ठेवणे, नमुन्याच्या डब्यावर खरी तारीख घालणे, न आवडणारा आकडाही वहीत जसाच्या तसा उतरवणे, ही कामे कोणाच्या सत्काराचा विषय होत नाहीत. पण अनेक दशकांनी, आपल्यापैकी कोणी त्या खुर्चीवर नसताना, एखाद्या परिसराच्या सुरक्षिततेचा निर्णय त्याच नोंदीवर होणार असतो. ती नोंद ठेवणारा हात आपल्या विद्यार्थ्याचा असेल, तर तो प्रामाणिक असावा. हे शिक्षण देणे विज्ञानाच्या तासाला जितके शक्य आहे तितकेच इतिहासाच्या तासालाही शक्य आहे, असे आम्हांस वाटते.